मोटारीला बंद, ट्रॅक्टरला खुला

कालव्याचा उतार पाच-पाच हजार मीटरला एखादा मीटर असतो. त्याच हिशोबात नोकरी संपवलेल्या माझ्यासारख्या पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याला रेल्वेचा शंभर मीटरला दोन-अडीच मीटर चढ कागदावर अवाढव्य वाटतो. सायकलवर बसलं की मात्र तोच चढ जाणवतही नाही. जर्मनीत आयफेलच्या डोंगरातून मोझेल नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या सायकलमार्गाचं अर्धं यश या एका गोष्टीत आहे. तो मार्ग सायकलसाठी आखलेलाच नाही, तो वाफेच्या इंजिनासाठी आखलेला आहे.

मुलगा कोब्लेंझला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो की मुलाची जुनी रोड बाइक माझ्या ताब्यात येते. कोब्लेंझहून पॅसेंजर गाडीनं विटलिशला जायचं. सकाळी नऊनंतर त्या राज्यात लोकल गाडीत सायकलला तिकीट लागत नाही. विटलिशहून मागे सायकलींची ट्रॉली जोडलेली बस डाउन या गावापर्यंत चढवून नेते. ही ट्रॉलीची बस साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. पुढं डाउन ते बेर्नकास्टेल-कूस असा सुमारे ५८ किलोमीटरचा मारे-मोझेल सायकलमार्ग. सुरुवातीचा थोडा चढ सोडला तर जवळपास तीनशे मीटरचा उतार, आणि तो इतका सावकाश की ब्रेकवर बोटं ठेवायची आठवणही राहत नाही.

या लाईनवरची वाहतूक १९८०च्या दशकात पुरती थांबली. रूळ काढले, खडीवर डांबर पडलं आणि २००० साली सायकली सुरू झाल्या. मी भराव बघतो, डोंगर कापून केलेली खोदाई बघतो, मोऱ्या मोजतो. सुनेला त्याचं हसू येतं. पण ते सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या कुणीतरी केलेलं मातीकाम आहे आणि आज त्याचा एक पैसाही नव्यानं खर्च होत नाही. डाउनजवळच्या उंच दगडी पुलावरून खाली बघायला सायकल थांबवावीच लागते. वाटेत ५६० मीटरचा बोगदाही येतो. आत दिवे आहेत, तरी ऐन जुलैत अंगावर काटा येईल इतका गारवा. नातीनं आत शिरताच आरोळी ठोकली, समोरून येणाऱ्या एका जर्मन आजोबांनी तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, आणि मग बोगदा संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी तेच चाललं होतं. ती सात वर्षांची. मोटारी धावणाऱ्या रस्त्यावर तिला माझ्यापुढं सायकल चालवू देण्याचा विचारही मी केला नसता.

वाटेत मार नावाची गोल तळी लागतात. जमिनीखालचा तप्त शिलारस भूजलाला भिडून स्फोट झाला, खड्डा पडला, त्यात पाणी साठलं. आपलं लोणार दिसायला असंच, पण ते उल्केच्या आघातानं झालेलं. शाल्केनमेरेनच्या तळ्यात लोक पोहतात. उन्हाळ्यात तिथं अर्धा तास मोडला तरी बेर्नकास्टेलला उजेडात पोचता येतं.

आता माझा मुद्दा. परदेशात राहून आलेला माणूस 'तिकडे सायकलसाठी वेगळे रस्ते बांधलेत' असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भूसंपादन, मोबदला, कोर्टकचेरी आणि टेंडर उभं राहतं. या खोऱ्यात बघितलं तर नव्यानं बांधलेलं फार थोडं आहे. एक तर मेलेल्या रेल्वेची पट्टी आहे. ती पट्टी प्लॉट पाडून विकली नाही, सलग ठेवली, हे त्यांचं शहाणपण. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनींचं एकत्रीकरण मोठ्या प्रमाणावर झालं. त्या वेळी शेतात, द्राक्षमळ्यांत जायला अरुंद रस्ते झाले आणि त्यांतले कितीतरी पुढं डांबरी झाले. तोंडाशी एक गोल पाटी असते: पांढऱ्यावर लाल कडं, आत मोटार आणि मोटारसायकल. खाली छोट्या चौकोनात लिहिलेलं की शेतीच्या वाहनांना मुभा. बस्स. ट्रॅक्टर जातो, सायकल जाते, पायी माणूस जातो. मोटारवाल्यानं लांबून जायचं. मोझेलकाठच्या द्राक्षमळ्यांतून तासन् तास सायकल चालते ती याच पाटीच्या जिवावर. कालवे आणि शेतचाऱ्या बांधण्यात हयात गेल्यामुळे सांगतो, एवढा स्वस्त सायकलमार्ग मी दुसरा पाहिला नाही.

मोझेलचं सगळंच गोड आहे असं नाही. नदीकाठचा मार्ग बऱ्याच ठिकाणी मोठ्या रस्त्याला चिकटून जातो. तिथं सुरक्षित वाटतं, पण कानाला सुख नाही. हिवाळ्यात पूर आला की काठावरचे पट्टे पाण्याखाली जातात आणि ओसरल्यावर गाळ उपसावा लागतो. शेजारच्या आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१च्या महापुरानं शेकड्याहून अधिक माणसं नेली, आणि रेल्वे, पूल, सायकलमार्ग यांचाही मोठा भाग वाहून गेला. नदीच्या मांडीवर रस्ता नेण्याची किंमत काय असते ते तिथं दिसलं.

आणि तरीही कोखेमजवळचा वळसा मी सोडणार नाही. तिथं आगगाडी चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि थेट पलीकडे एलरला निघते. नदी मात्र तेवढ्यासाठी वीस किलोमीटरहून जास्त लांब फेरा घेते. त्या फेऱ्यात उभ्या भिंतीसारखे द्राक्षमळे आहेत, स्लेटच्या तुकड्यांत मुळं रोवलेले. ब्रेम गावावरचा काल्मोंटचा मळा तर युरोपातल्या सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांत गणला जातो. मी नाशिकचा, गंगापूर धरणाच्या बाजूचे सपाट मळे बघायची सवय. इथं कामगाराला उभं राहायला जागा कशी सापडत असेल, हाच प्रश्न पडतो. पुढं झेल्टिंगेनपाशी डोक्यावरून १६० मीटर उंच पूल जातो. २०१९ साली तो वाहतुकीला खुला झाला. तो व्हावा की नको यावर तिथं वर्षानुवर्षं भांडणं झाली. पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच: ट्रक आभाळात, सायकली खाली.

वेगानं चालवणाऱ्यांना या मार्गांची एक अडचण होते, आणि ती खरी आहे. रविवारी दुपारी बेर्नकास्टेलच्या आसपास बॅटरीच्या सायकलींवर वाइन पिऊन निघालेली मंडळी, बाबागाड्या, कुत्री असं सगळं अडीच-तीन मीटर रुंदीत. तिथं ताशी तीसनं जाण्याचा हट्ट धरणारा रोड बाइकवाला हा पादचाऱ्यांच्या लेखी मोटारवालाच. घंटी वाजवा, हळू व्हा, नाहीतर सकाळी सातला निघा. मी सातला निघतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वेगळा मार्ग केला की 'मग रस्त्यावर कशाला येता' हा सूर निघतो. जर्मनीत निळी गोल पाटी असलेला सायकलमार्ग वापरणं सक्तीचं असतं. अशा पाट्या गावोगावी सरसकट लावल्या गेल्या होत्या. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २०१० साली स्पष्ट केलं की अशी सक्ती खास धोका असेल तिथंच करता येईल. रस्ता सायकलचाही आहे. २०२०पासून तर सायकलला ओलांडताना मोटारीनं गावात किमान दीड आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, असा नियमच झाला. वेगळा मार्ग आणि रस्त्यावरचा हक्क या दोन्ही गोष्टी हव्यात. एक देऊन दुसरी काढून घेणं ही फसवणूक आहे.

आता आपल्याकडे बघा. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्याच नाशिकचा सायकलस्वार पहाटे महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ट्रकच्या वाऱ्यात डगमगत जातो. त्याला हेल्मेट घाला, रिफ्लेक्टर लावा असं सांगण्यात आपली सगळी हुशारी संपते.

बंद रेल्वेमार्गांचा विषय निघाला की कुणीतरी शकुंतला रेल्वेचं नाव घेतं. मी त्याच्या विरुद्ध आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या लोकांना गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवी आहे, आणि ती त्यांना मिळायला हवी. डाउनला आज रोजची प्रवासी रेल्वे नाही, हेही विसरू नये. सायकलमार्ग हा गाडीचा मोबदला होऊ शकत नाही.

पण आपल्याकडे कालवे आहेत. प्रत्येक मोठ्या कालव्याच्या कडेनं खात्याचा सर्व्हिस रोड असतो. जमीन सरकारची, उतार नगण्य, चौक जवळपास नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्याचा मुरूम उखडलेला आणि कडेला बाभळी माजलेल्या, तरीही रस्ता आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे घ्या. शेजारी पक्षी अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं. तिथल्या कालव्याच्या पहिल्या दहा किलोमीटरवर रविवारी पहाटे सहा ते दहा एवढाच वेळ बाहेरच्या मोटारी आणि मोटारसायकली बंद ठेवायच्या. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, बैलगाडी आणि शेतावर जाणारी त्याची मोटारसायकल चालू राहील, अगदी त्या लाल कड्याच्या पाटीवर असते तशी सवलत देऊन. कालव्यात कुणी पडेल, ही खात्याची पहिली हरकत असेल. मीही फाइलवर तीच लिहिली असती. मोझेलच्या काठालाही सलग कठडा नाही. कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू असेल त्या रविवारी मार्ग बंद ठेवा, वळणांवर दगड रंगवा.

जलसंपदा खात्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विनंती एवढीच: दोन टोकांना दोन खांब, दोन पाट्या आणि एक पाटकरी. एक हंगाम करून बघा, नाही जमलं तर खांब उपटून टाका.