ही वाटणी मंजूर नाही

१५ जानेवारी २०१४ला पहाटे नामदेव ढसाळ गेला. आदल्या दिवशीच नामविस्तार दिन झालेला, वस्तीतले निळे झेंडेही उतरले नव्हते. मग सगळ्या पांढरपेशांनी एकच सूर लावला : कवी थोर, राजकारणात मात्र फसला. बरं जमलं की! 'गोलपिठा' तुमच्या कपाटात, आणि आणीबाणी, शिवसेना, तो सगळा चिखल आमच्या दारात.

आपल्याला ही वाटणी मंजूर नाही. तेव्हा नव्हती, आजही नाही.

कामाठीपुऱ्याच्या अंगाला वाढलेला, टॅक्सी चालवणारा हा माणूस. १९७२ साली राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासोबत त्यानं पँथर उभी केली. रिपब्लिकन पुढारी गटातटांत वाटले गेले होते, गावोगाव बहिष्कार नि बलात्कार चालू होते, तेव्हा ही पोरं रस्त्यावर आली. हे त्याच्या कवितेतून वजा करा, मग काय उरतं? शब्दांची कसरत.

पण मग पुढचंही वजा करता येत नाही, दोस्तांनो. गोम तिथंच आहे.

५ जानेवारी १९७४. वरळीला बीडीडी चाळींत पँथरची सभा. आधी दगड, मग पोलिसांच्या लाठ्या, मग दंगल. रमेश देवरुखकर गोळीबारात गेला. पाच दिवसांनी परळला मोर्चावर वरून दगडी पाटा आला, भागवत जाधव गेला. समोर कोण होतं हे वरळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच सेनेच्या 'सामना'त पुढं नामदेव सदर लिहू लागला.

माझा बाप त्या सभेत होता. डोक्यावर टाक्यांची खूण होती. 'सामना' आमच्या घरात कधी आला नाही. पण सदराच्या दिवशी बाप नाक्यावरच्या न्हाव्याकडं जाऊन बसायचा. दाढी करायचा नाही. वाचायचा, पेपरची नीट घडी घालायचा आणि घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही. एकदा मी म्हटलं, एवढ्या शिव्या घालतोस, मग वाचतोस कशाला?

"आपला माणूस कुठवर गेला, बघायला नको?"

ह्याला कुणी माफी म्हणू नका. १९७४लाच ढाले-ढसाळ फुटले, आणि थोड्याच दिवसांत नामदेव आणीबाणीच्या बाजूनं उभा. केसेस होत्या, आजार होता, पैसा नव्हता. कारणं सगळे सांगतात, खरीही असतील. पण केसेस तर साध्या कार्यकर्त्यांवरही होत्या, त्यांना कुठं दिल्लीचा रस्ता माहीत होता? हे त्याला जिवंतपणी तोंडावर विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. समोर बसून चहा प्यालो, जयभीम घातला नि उठलो.

दादरच्या स्मशानात बाप गेला होता. आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी पेपर आणून दिला. पानभर मजकूर, मोठा फोटो. चष्मा लावून त्यानं खालपर्यंत वाचला.

"कवी, कवी, काय लावलंय? वरळीचं एक अक्षर नाही ह्यात."