कॅप्टनचा शर्ट खरं तर हिरवा होता!

सॉरी मंडळी, पण आज एक भांडं फोडायचंय. ‘स्टार ट्रेक’मधला कॅप्टन कर्क आठवतोय? सोनेरी-पिवळा शर्ट घालून अख्खी आकाशगंगा पालथी घालणारा? तर त्याचा तो शर्ट पिवळा नव्हताच. हिरवा होता! लिंबाच्या सालीसारखा हिरवा.

ही ब्रेकिंग न्यूज मी घरी जेवताना जाहीर केली. बाबा शांतपणे आमटी भुरकत म्हणाले, “मला विचारशील तर तो राखाडी होता.” त्यांचंही बरोबर. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा बाबा ते शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघायचे. कर्क राखाडी, स्पॉक जरासा वेगळा राखाडी.

तर झालं असं, की आमच्या ग्रुपने कॉमिक कॉनला ‘स्टार ट्रेक’ थीम करायचं ठरवलं. ऑनलाइन मिळणारे रेडीमेड ड्रेस एक तर खिसा फाडणारे, नाहीतर सरळसरळ नाइट सूट वाटणारे. मग मला आठवली मावशी. धनकवडीत राहणारी माझी मावशी गेली बावीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवते. एप्रिल ते जून तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सगळीकडे निळे पिनोफ्रॉक आणि पांढऱ्या शर्टांचे ढीग. मी लॅपटॉप घेऊन गेले, एक सीन पॉज केला आणि म्हटलं, “हे शिवायचंय.”

मावशीने चष्मा लावला. दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “अगं, पण हा माणूस ह्या शर्टात शिरतो कुठून?”

ग्रेट प्रश्न! गळा अंगाबरोबर. पुढे बटण नाही, चेन नाही, हुक नाही. निर्माता जीन रॉडनबेरीचा फंडा असा, की भविष्यातल्या कपड्यांना बटणं, चेन वगैरे काही दिसता कामा नये. म्हणायला सोपं. पण शिवणाऱ्याने काय करायचं? मालिकेचा कॉस्च्युम डिझायनर होता विल्यम वेअर थाइस. त्याने शर्टाला रॅगलन बाही लावली. म्हणजे नेहमीसारखी खांद्याच्या टोकाला मुंढ्यात बसवलेली नाही, तर थेट गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली. आता गळ्यापासून खाली येणारी ही शिवण तशीही शर्टावर असणारच. थाइसने डाव्या बाजूच्या त्या शिवणीतच चेन लपवली. वरून कापडाची लव. कॅमेऱ्याला काही कळत नाही.

मावशीने बोट ठेवलं नेमकं तिथेच. मी काही सांगायच्या आधी. “इथं असणार. दुसरीकडे जागाच नाही.” मला हे शोधायला दोन रात्री लागल्या होत्या, बरं का.

मालिका १९६६ साली एनबीसीवर सुरू झाली. ते अमेरिकेत रंगीत टीव्हीचे दिवस. एनबीसीची मालक कंपनी आरसीए स्वतः रंगीत टीव्ही विकायची. म्हणजे पडद्यावर रंग असे हवेत की बघणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुकान गाठावं! कमांडसाठी हिरवट, विज्ञान आणि वैद्यकीयसाठी निळा, इंजिनीअरिंग आणि सिक्युरिटीसाठी लाल. (लाल शर्टवाला एपिसोड संपेपर्यंत जगणार नाही, हा जोक तेव्हापासूनचा.) हुद्दा कळावा म्हणून मनगटाजवळ सोनेरी वेणीच्या पट्ट्या. कॅप्टनला दोन अखंड आणि मध्ये एक तुटक.

मग हिरव्याचा पिवळा कसा झाला? सगळी करामत कापडाची. पहिल्या दोन सीझनचे शर्ट व्हेलूरचे होते. व्हेलूर म्हणजे मखमलीचा ताणला जाणारा भाऊ. त्याची लव स्टुडिओच्या झगझगीत दिव्यांचा प्रकाश वेगळ्याच पद्धतीने परतवते. त्यात तेव्हाची फिल्म आणि लॅबमधली प्रक्रिया. हिरवा हरवला, सोनेरी उरला. पण कर्कचा समोर एकावर एक येणारा दुसरा शर्ट आणि समारंभाचा युनिफॉर्म वेगळ्या कापडाचे होते. ते पडद्यावर हिरवेच दिसतात! लोकांना वाटलं, कॅप्टनला दोन-तीन रंग अलाउड असतील. प्रत्यक्षात डिझायनरच्या डोक्यात रंग एकच होता.

व्हेलूरने आणखी एक छळ केला. धुलाईला गेलं की आटायचं. परत गेलं की परत आटायचं. कलाकार तेवढेच, शर्ट मात्र दिवसेंदिवस लहान! तिसऱ्या सीझनला कंटाळून नायलॉनचं जाड विणीचं कापड आणलं. मावशी हे ऐकून हसत सुटली. “एवढं हॉलिवूड, आणि कापड आधी पाण्यातून काढायचं कुणाला सुचलं नाही?”

हसणं थांबलं ते पुढच्या गोष्टीला. मालिकेचे हर्ब सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ साली पुस्तक लिहिलं, त्यात हा किस्सा आहे. बजेट तुटपुंजं, दर आठवड्याला नव्या ग्रहाचे नवे कपडे हवेत, आणि युनियनच्या दराने, युनियनच्या वेळेत ते होणं अशक्य. मग स्टुडिओजवळच्या एका घरात, युनियनच्या नजरेआड, रात्री मशीन चालायची. सकाळी शूटिंगच्या आधी कपडे सेटवर हजर.

“त्या बायकांची नावं येतात का शेवटी?” मावशीने विचारलं.

नाही येत. थाइसचं येतं. मावशी काही बोलली नाही. उजवा खांदा चोळत राहिली. जूनमध्ये तिचा तो खांदा वर जात नाही, भांडी आम्हीच फडताळातून काढून देतो. तिने शिवलेला युनिफॉर्म घालून पुण्यातली निदान दोन पिढ्यांची पोरं शाळेत गेली असतील. आतल्या लेबलवर नाव दुकानाचं.

असो.

आता या सगळ्यातला मला सर्वांत इंटरेस्टिंग वाटलेला भाग. १९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ आलं. नवं जहाज, नवा कॅप्टन पिकार्ड म्हणजे पॅट्रिक स्टुअर्ट, आणि युनिफॉर्म पुन्हा थाइसचाच. या वेळी स्पॅन्डेक्स. आपण ज्याला लायक्रा म्हणतो तेच. डोक्यापासून... नाही, गळ्यापासून पायापर्यंत एकच अखंड सूट. रॉडनबेरीला एकही चुणी नको होती. खिसा तर नकोच. चुणी पडू नये म्हणून उपाय काय? सूट मापापेक्षा एक साइज लहान शिवायचा! अंगावर चढवला की ताणून गुळगुळीत.

दिसायला जाम भारी. पण ताणलेलं इलॅस्टिक काय करतं? परत आखडायला बघतं. सूट अखंड असल्यामुळे ती ओढ खांद्यांवर. दिवसाचे बारा-बारा तास, आठवडे, महिने. नटांच्या पाठी धरायला लागल्या. शिवाय लायक्रा घाम आणि वास काही सोडत नाही, हे जिमला जाणाऱ्यांना सांगायला नको. स्टुअर्टला त्याच्या कायरोप्रॅक्टरने बजावलं, की हे असंच चाललं तर पाठ कायमची बिघडेल. मग कुठे चक्रं हलली.

हे वाचताना माझी पाठ आपोआप ताठ झाली. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना पॉकेटमनीसाठी मी एका मोबाइलच्या लाँचला उभी राहिले होते. कंपनीचं नाव जाऊ दे. आम्हा सहा जणींना एकाच मापाचे चंदेरी ड्रेस दिले होते. ‘फ्युचरिस्टिक लुक’ हवा म्हणे. मला तो दंडात आणि पोटात घट्ट, आणि जिला ढगळ झाला तिला मागून सेफ्टी पिना. बसायचं नाही, चुण्या पडतात. खिसा नाही, म्हणजे मोबाइलच्या लाँचला उभ्या असलेल्या मुलीकडे स्वतःचा मोबाइल नाही! दोन दिवस मी पूर्ण श्वास घेतल्याचं आठवत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, माझंच पोट सुटलंय. ड्रेस चुकीचा असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही.

पिकार्डला जॅकेट मिळालं, कारण तो पिकार्ड होता. १९८९ साली, तिसऱ्या सीझनला नवा डिझायनर रॉबर्ट ब्लॅकमन याने लायक्रा बाजूला ठेवून वुलन गॅबर्डिन आणलं. उभी कॉलर, जॅकेट वेगळं, पँट वेगळी. माणसासारखा कपडा. गंमत म्हणजे आता जॅकेट बसलं की वर सरकायचं, म्हणून उठता-बसता स्टुअर्ट ते दोन्ही हातांनी खाली ओढायचा. फॅन्सनी त्या झटक्याचं नाव ठेवलं ‘पिकार्ड मनूव्हर’! यूट्यूबवर बघा, वेड लागेल.

पण लक्ष देऊन पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. दोन तुकड्यांचे युनिफॉर्म मिळाले ते मुख्य पुरुष पात्रांना. बायकांचा सूट अखंडच राहिला. आणि मागून येणारे-जाणारे एक्स्ट्रा? ते पुढेही कित्येक वर्षं जुन्या लायक्रातच फिरताना दिसतात. त्यांच्याही पाठी असतील की हो.

बायकांच्या युनिफॉर्मचा तर वेगळाच इतिहास. १९६४ आणि १९६५ सालच्या दोन पायलट एपिसोडमध्ये जहाजावरच्या बायका पँटमध्ये आहेत. मालिका सुरू झाली आणि पँटची मिनी झाली. १९८७ साली समानता म्हणून काही पुरुषांनाही आखूड झग्यासारखा युनिफॉर्म घालून कॉरिडॉरमधून चालवलं. कल्पना धाडसी होती, पण लवकरच गुपचूप गायब झाली. सगळ्यात कहर म्हणजे काउन्सिलर ट्रॉय. जहाजावरची ऑफिसर, पण अंगात युनिफॉर्मच नाही. एकामागून एक घट्ट, खोल गळ्याचे ड्रेस. १९९२ साली ‘चेन ऑफ कमांड’ या एपिसोडमध्ये नवा कॅप्टन जेलिको येतो आणि तिला सांगतो, ड्यूटीवर युनिफॉर्म घाल. तेव्हा कुठे तिला तो मिळाला. मरीना सर्टिस या अभिनेत्रीने नंतर मुलाखतीत गमतीने सांगितलंय, की युनिफॉर्म आला तसा ट्रॉयला मेंदूही परत मिळाला.

असं वाटू नये की सगळा वेडेपणा अमेरिकेतच. ब्रिटिशांच्या ‘यूएफओ’मध्ये (१९७०) चंद्रावरच्या मुलींना चंदेरी कपडे आणि जांभळे विग, आणि पाणबुडीतल्या कर्मचाऱ्यांना चक्क जाळीचे बनियन! उलट ‘स्पेस : १९९९’ (१९७५) मला फार सही वाटतं. त्याचे युनिफॉर्म केले रुडी गर्नरिख याने. हाच तो डिझायनर, ज्याच्या टॉपलेस स्विमसूटने १९६४ साली खळबळ उडवली होती. चंद्रावर मात्र त्याने बाई आणि पुरुष दोघांना अगदी सारखा, फिकट बदामी शर्ट दिला आणि पायाला बेलबॉटम. खातं ओळखायला फक्त डावी बाही रंगीत. एक बाही! मावशीला हे फार आवडलं. “कापड वाचतं,” ती म्हणाली. “आणि बदली झाली तर बाही उसवून दुसरी लावायची.”

खिसे यायला मात्र २००१ साल उजाडावं लागलं. ‘एंटरप्राइज’ मालिकेत ब्लॅकमननेच खऱ्या अंतराळवीरांसारखे निळे सूट केले. चेनच चेन, खिसेच खिसे.

आमच्या शर्टाचं काय झालं? रविवार पेठेत हिरवं व्हेलूर मागितलं तर दुकानदाराने विचारलं, “सोफ्याला लावायचंय का?” चौथ्या दुकानात मनासारखं मिळालं. मावशीने ते आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, सावलीत वाळवलं आणि मगच बेतलं. लव असलेलं कापड बेतायची एक मेख आहे. सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात. नाहीतर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते. कापड जास्त लागतं, पण इलाज नाही. चेन बसवताना तिने चारदा उसवलं. लवेचं कापड मशीनच्या पायाखाली सरकतं, म्हणून शेवटी आधी हाताने धावदोरा घातला.

ट्रायलला गेले तर शर्ट बरोबर बसलेला. घट्टही नाही, ढगळही नाही. आत दोन्ही बाजूंनी बोटभर माया सोडलेली. “मी काय आता वाढणारे का मावशी?” मी म्हटलं. “असू दे गं,” ती म्हणाली. “उद्या पोटभर जेवलीस तर?”

आणि उजव्या बाजूच्या शिवणीत माझा हात आपोआप आत गेला. खिसा! मी तिला दहा वेळा बजावलं होतं, की खिसा नको, ओरिजिनलला नव्हता, रॉडनबेरीला चालायचा नाही.

“त्याला कोण सांगतंय?” मावशी दाताने दोरा तोडत म्हणाली. “मोबाइल मावतोय का बघ.”

मावला. घरी आल्यावर बाबांनी माझा फोटो काढला आणि मी बघायच्या आत तो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला.

“हां,” ते म्हणाले, “आता कसा बरोबर दिसतोय.”