घशासाठी अझिथ्रो घेताय? डॉक्टरांच्या पुस्तकात काय लिहिलंय बघा

घसा धरला, अंगात कणकण आली की आपल्यापैकी बरेच जण थेट मेडिकल गाठतात. "अझिथ्रोची स्ट्रिप द्या." तीन दिवस तीन गोळ्या, विषय संपला.

हे फक्त तुमच्याआमच्या घरात होत नाही. भारतात खासगी बाजारात २०१९ मध्ये विकल्या गेलेल्या अँटिबायोटिक्सचा एक अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात आला. त्यात सगळ्यात जास्त खपाची गोळी होती अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम आणि तिच्या मागोमाग सेफिक्झिम २००.

आता गंमत अशी, की कोणत्या इन्फेक्शनला कोणतं औषध, किती दिवस द्यायचं, हे सांगणारी पुस्तकं डॉक्टरांसाठी लिहिलेली असतात. आणि ती वेगळंच सांगतात.

कोणती पुस्तकं?

यातलं जुनं नाव म्हणजे अमेरिकेतलं 'सॅनफर्ड गाईड'. १९६९ पासून निघतंय, खिशात मावतं. भारतात आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'अवेअर अँटिबायोटिक बुक' काढलं. तीसहून जास्त इन्फेक्शन्सची माहिती त्यात आहे आणि ते इंटरनेटवर फुकट मिळतं.

या पुस्तकाचा पाया म्हणजे अँटिबायोटिक्सचे तीन गट.

• ॲक्सेस: नेहमीच्या इन्फेक्शनला आधी वापरायची औषधं. उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन.
• वॉच: जपून वापरायची, कारण यांना जंतू लवकर दाद देईनासे होतात. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही इथेच येतात.
• रिझर्व्ह: दुसरं काहीच चालत नाही तेव्हा काढायची. उदाहरणार्थ कोलिस्टिन.

म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या दोन्ही गोळ्या 'जपून वापरा'च्या यादीतल्या आहेत.

मग घसादुखीला काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. घसादुखी बहुतांशी व्हायरसमुळे होते आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. बॅक्टेरियाची दाट शंका असेल तर पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनला. आयसीएमआरनंही २०२२ मध्ये बजावलं, की साध्या तापाला आणि व्हायरल ब्राँकायटिसला अँटिबायोटिक नको.

अझिथ्रो वाईट औषध आहे असं नाही. टायफॉइडचंच बघा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला जंतू दाद देत नाहीत अशा भागात टायफॉइडसाठी अझिथ्रो हा महत्त्वाचा पर्याय आहे, आणि भारत अशाच भागात मोडतो. घशासाठी उगाच उडवलेली प्रत्येक स्ट्रिप या उपयोगाची धार कमी करते.

पुस्तक असूनही असं का होतं?

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं २०२१-२२ मध्ये २० मोठ्या हॉस्पिटलांची पाहणी केली. ॲडमिट पेशंटपैकी जवळपास ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक सुरू होतं. त्यातल्या ५५ टक्के लोकांना ते इन्फेक्शन झालं म्हणून नाही, तर होऊ नये म्हणून दिलं होतं. उपचार म्हणून ज्यांना दिलं, त्यांच्यापैकी फक्त ६ टक्के लोकांचं नेमका जंतू कळून औषध ठरलं होतं.

सगळा दोष डॉक्टरांवर ढकलूनही चालणार नाही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि गंभीर पेशंट तेवढं थांबू शकत नाही. मधल्या काळात अंदाजानं औषध द्यावंच लागतं. तो अंदाज बरोबर यावा यासाठीच तर ही पुस्तकं असतात.

पण पुस्तकाला स्थानिक माहितीची जोड लागते. आपल्या गावात, आपल्या हॉस्पिटलात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे लॅबच सांगू शकते. जिथे कल्चरची सोयच नाही, तिथे पुस्तक अर्धवट कामाचं. त्यात ओपीडीतली गर्दी आणि "डॉक्टर, स्ट्राँग गोळी द्या" म्हणणारे आपण.

याची किंमत काय?

'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे २०१९ मध्ये जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत वापरातली किमान ७० टक्के अँटिबायोटिक्स ॲक्सेस गटातली असावीत. भारतात त्याच वर्षी जानेवारीत आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना सांगितलं, की अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा.

हे कारण विचारायचा हक्क पेशंटलाही आहे. पुढच्या वेळी चिठ्ठीत अँटिबायोटिक दिसलं तर एवढंच विचारा: "हे कशासाठी आणि किती दिवस?" आणि स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी.