विश्लेषण : कळलावी – औषध, विष की नगदी पीक?

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या घाटांत, कोकणातल्या गडग्यांवर आणि रानातल्या झुडपांत लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे एक फूल झळकू लागते. ही कळलावी. कोकणात गौरीच्या पूजेत आणि गोव्यात गणपतीवरच्या माटोळीत तिला मान आहे. अलीकडे तिचे फोटो मोबाइलवरही फिरतात आणि त्यांच्याबरोबर दोन सल्ले हमखास येतात. एक, ‘कंद उगाळून लावा, गुण येतो’. दुसरा, ‘कळलावी लावा, लाखो कमवा’. पहिला सल्ला जिवावर बेतू शकतो, दुसरा शेतकऱ्याला कर्जात लोटू शकतो. म्हणून या वनस्पतीची नीट ओळख करून घ्यायला हवी.

कळलावी म्हणजे नेमके काय?

कळलावी ही बहुवर्षायू वेल आहे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पावसाळा सुरू झाला की जमिनीतल्या कंदाला कोंब फुटतो. पानांच्या टोकांना बारीक आकडे असतात, त्यांच्या आधाराने वेल कुंपणावर चढते. फूल आधी हिरवट-पिवळे असते, मग पिवळे-लाल आणि शेवटी पूर्ण लाल होते. थंडीत वेल वाळते, पण कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसापर्यंत झोपून असतो. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ती ‘लांगली’. फूल ज्वाळेसारखे, म्हणून ‘अग्निशिखा’. मराठीत तिला वाघनखी आणि खड्यानाग अशीही नावे आहेत.

‘कळलावी’ या नावाचे दोन अर्थ लावले जातात. घरात ठेवली तर भांडणे लागतात, हा एक. बाळंतपणाच्या कळा आणते, हा दुसरा. तमिळमध्ये तिच्या कंदाला ‘डोळेदुखीचा कंद’ अशा अर्थाचे नाव आहे. दोन्ही भाषांतल्या जुन्या माणसांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे. तरीही ती तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूलही.

तिच्यापासून कोणते औषध मिळते?

तिच्यातला मुख्य घटक कोल्चिसिन. तो कंदातही असतो, पण बियांत अधिक असतो. म्हणून औषध कारखान्यांना बी हवे असते. बियांच्या वजनात त्याचे प्रमाण साधारण एक टक्क्याहूनही कमी भरते, त्यामुळे थोड्या औषधासाठी बरेच बी लागते.

कोल्चिसिनचा सर्वांत जुना उपयोग गाउट या सांध्यांच्या आजारावर. या आजारात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात, पांढऱ्या पेशी तिकडे धावतात आणि पायाचा अंगठा टम्म सुजतो. कोल्चिसिन त्या पेशींची धाव रोखते. काही वर्षांपासून हृदयविकारातही त्याची चर्चा आहे. रक्तवाहिन्यांतला दाह कमी करून हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता घटवण्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये त्याच्या कमी मात्रेला मंजुरी दिली. कंबर धरली की डॉक्टर अनेकदा लिहून देतात ते थायोकोल्चिकोसाइडही याच वनस्पतीतल्या घटकापासून तयार होते. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी नकळत कळलावीची मदत घेतलेली असते.

मग ती विषारी कशी?

औषध आणि विष या दोन्हींचे कारण एकच आहे. पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. पेशीची हालचाल आणि तिचे विभाजन या नळ्यांवर अवलंबून असते. कोल्चिसिन या नळ्या बनू देत नाही. अगदी कमी मात्रेत पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, तो औषधाचा गुण. मात्रा वाढली की शरीरभर पेशींचे विभाजन थांबते, ते विष. शेतीशास्त्रज्ञांनी हाच गुण वेगळ्या कामाला लावला. १९३७ च्या सुमारास लक्षात आले की कोल्चिसिन दिल्यावर वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. बिनबियांच्या कलिंगडाचा जन्म या तंत्रातून झाला.

माणसाच्या शरीरात सतत नव्या पेशी तयार होतात त्या आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत आणि केसांच्या मुळाशी. विषाचा घाव तिथेच बसतो. कंद पोटात गेल्यावर काही तासांत जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि घरचे निर्धास्त होतात. खरे संकट त्यानंतरच्या दिवसांत येते : रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय निकामी होऊ लागते. वाचलेल्या रुग्णांचे केस एक-दोन आठवड्यांत गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. औषधाची गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची असते आणि डॉक्टर तीही मोजून देतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर नेहमीची मात्राही अंगावर येऊ शकते. असे असताना रानातून उपटलेल्या कंदात कोल्चिसिन किती, हे घरी कोण मोजणार?

घरगुती वापर का नको?

आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे आणि शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असे सांगितले आहे. औषध नियमांतील विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ या अनुसूचीतही तिचे नाव आहे आणि अशा औषधांच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना द्यावी लागते. म्हणजे परंपरा आणि कायदा यांचे इथे एकमत आहे. परंपरेचे नाव घेऊन कंद घरी उगाळण्याचा सल्ला देणारे या परंपरेतला निम्माच भाग सांगतात.

बाळंतिणीच्या बेंबीवर आणि तळपायावर कंदाचा लेप लावण्याची चाल ग्रामीण भागांत होती. प्रसूती अडली असताना लेपावर विसंबून गेलेला एक-एक तास आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ असतो. दवाखान्यात नेणे हाच त्यावर उपाय आहे.

दुसरा धोका ओळखीचा. श्रीलंकेत आणि भारतातही कणगर किंवा रताळ्यासारखा खाण्याचा कंद समजून कळलावी खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिजवल्याने विष जाईल, या भरवशावर राहू नये. कोणी कंद किंवा बी खाल्ल्याची शंका आली तर मीठपाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे आणि जुलाब थांबले तरी डॉक्टर सांगेपर्यंत घरी परतू नये.

तिची शेती कुठे आणि कशी होते?

देशातली कळलावीची व्यापारी शेती प्रामुख्याने तमिळनाडूत आहे. करूर, दिंडिगल, तिरुप्पूर अशा कोरडवाहू जिल्ह्यांतले शेतकरी अनेक वर्षांपासून ती पिकवतात. लागवड जून-जुलैत होते. निचऱ्याची, तांबडी, हलकी जमीन तिला मानवते. पाणी साचले की कंद कुजतो. हेक्टरी सुमारे दोन टन कंद लागतात. एक कंद ५०-६० ग्रॅमचा धरला तर ही संख्या ३५-४० हजारांवर जाते. कंद ठिसूळ असतो आणि त्याच्या टोकाचा डोळा मोडला तर तो उगवत नाही. बियांपासून रोपे करता येतात, पण लावण्याजोगा कंद तयार व्हायला तीन-चार वर्षे जातात. म्हणून कंदाची खरेदी हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो. त्यात वेलीसाठी तारांच्या मांडवाची भर पडते.

खरी मेहनत फुलोऱ्यात आहे. या फुलाचा स्त्रीकेसर बाजूला काटकोनात वळलेला असतो, त्यामुळे स्वतःचे पराग त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. रानात हे काम फुलपाखरे आणि शिंजीर करतात. शेतात ते माणसांना करावे लागते : रोज सकाळी, एकेका फुलापाशी जाऊन, हाताने. हे काम बहुतेक ठिकाणी मजूर बायकांच्या वाट्याला येते. साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी शेंगा तयार होतात. पीक चांगले आले तर हेक्टरी २००-२५० किलो बी मिळते. फुलोऱ्यात पावसाची झड लागली किंवा पानांवर करपा आला, तर हा आकडा बराच खाली येतो.

पैसा मिळतो का?

मिळतो, पण त्याची खात्री नसते. बियांचा किलोचा दर हजारांत असतो, हे ऐकून डोळे दिपतात. पण हे बी घरी खाता येत नाही, बाजार समितीत विकता येत नाही आणि शेजारच्या गावात त्याला गिऱ्हाईक नसते. खरेदी करणारे मोजके व्यापारी, त्यांच्यामागे मोजके अर्क कारखाने आणि त्यांच्यामागे परदेशी मागणी. साखळीच्या वरच्या टोकाला मागणी थोडी हलली की खालच्या टोकाला दर कोसळतो. केंद्र सरकार २२ पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत एकही औषधी वनस्पती नाही. तमिळनाडूतले शेतकरी हमीभाव आणि सरकारी खरेदी वारंवार मागत आले आहेत, ते यामुळेच. पिकाचा अनुभव, कंदाचे बेणे आणि व्यापाऱ्यांची ओळख हाताशी असलेल्यांची ही अवस्था असेल, तर नवख्याने काय समजावे?

महाराष्ट्रात लागवड करावी का?

वेल इथलीच आहे, त्यामुळे ती येईल की नाही हा प्रश्न नाही. प्रश्न जमिनीचा आणि बाजाराचा आहे. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात ती टिकणार नाही. कोकणातल्या मुसळधार पावसात निचरा आणि परागसिंचन दोन्ही अवघड. हलक्या, उताराच्या जमिनीत प्रयोग करता येईल, पण तो दोन-चार गुंठ्यांचा असावा. औषधी पिकांच्या बाबतीत आपल्याकडे एक क्रम वारंवार दिसतो : आधी बेणे विकणारा येतो, तो खरेदीची हमी देतो आणि काढणीच्या वेळी त्याचा फोन लागत नाही. त्याला वर्षअखेरच्या बियांशी देणेघेणे नसते, त्याचा नफा कंद विकतानाच झालेला असतो. म्हणून बेणे घेण्याआधी खरेदीदार शोधावा. दर, प्रत आणि उचल यांचा लेखी करार करावा आणि करार करणारा स्वतः बी वापरतो की पुढे विकतो, हेही विचारावे. शेतात लहान मुले आणि गुरे शिरणार नाहीत, कंद हाताळताना हातमोजे असतील, ही काळजी वेगळीच.

काय व्हायला हवे?

२००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ लागवडीला प्रोत्साहन देते. पण केवळ लागवड वाढवून भागत नाही. कोणत्या बियांची किती खरेदी कोणत्या दराने झाली, याची जाहीर माहिती नसेल तर अनुदानातून फक्त उत्पादन वाढते आणि दर पडतो. त्यामुळे दराची पारदर्शक नोंद, बियांतील कोल्चिसिनचे प्रमाण तपासून देणारी जवळची प्रयोगशाळा आणि शेतकरी गटांना कारखान्याशी थेट करार करता येणे, या तीन गोष्टी अनुदानाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आणि रानातली कळलावी? तिचा कंद खणला की ती जागा रिकामी होते, कारण नवा कंद तयार व्हायला काही वर्षे लागतात. गौरीसाठी एखादे फूल तोडल्याने वेल मरत नाही, कंद उपटल्याने मरते. गावोगावच्या जैवविविधता समित्यांनी आपल्या नोंदवहीत तिची जागा लिहून ठेवावी आणि खणती थांबवावी, एवढे तरी सहज शक्य आहे. औषध कारखान्यात व्हावे, पीक करार करून घ्यावे आणि रानातली वेल रानात राहावी. ज्या वनस्पतीच्या नावातच इशारा आहे, तिच्याशी वागण्याचा शहाणपणा एवढाच.