हळदीचा अभिमान पुराव्यानिशी हवा

जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ही लढाई घोषणांनी नव्हे, तर जुन्या ग्रंथांच्या आणि शोधनिबंधांच्या पुराव्याने जिंकली.

तीच हळद स्किझोफ्रेनिया बरा करते, असे हडपसरमधील एखाद्या त्रस्त कुटुंबाला कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यालाही पुरावाच मागितला पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत अवघे ३८ रुग्ण होते. नेहमीची औषधे चालू ठेवूनच त्यांतील काहींना २४ आठवडे रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. त्यांची उदासीनता, अलिप्तता कमी झाली. भास-भ्रमांत मात्र फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे एवढ्या मात्रेसाठी रोज १०० ग्रॅम हळद लागेल! पेलाभर हळदीचे दूध हा या व्याधीवरचा उपचार नव्हे.

म्हणून गोळ्या सोडायला सांगणारा आयुर्वेदाचा कैवारी नव्हे, तो रुग्णाचा वैरी आहे. स्वदेशीचा खरा अभिमान असेल, तर पुण्यातच मोठी, काटेकोर चाचणी व्हावी, असा आग्रह धरावा. तोवर मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एकही गोळी चुकता कामा नये.