विश्लेषण : ब्रेक कोणाचा, डाव कोणाचा?

जामठ्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली. पाहुणे पहिल्या डावात ७९ धावांत गारद झाले, भारत १२४ धावांनी जिंकला आणि आयसीसीने खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला. खेळपट्टी दोघांनाही एकच होती, मग तक्रार कसली, असा सवाल तेव्हा झाला. व्यावसायिक पूलमध्ये हाच वाद टेबलावरून रंगतो.

पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा. प्रमाणित टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड किमान साडेचार इंच, म्हणजे दोन बॉल शेजारीशेजारी जेमतेम मावतील एवढे. मॅचरूमच्या अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत ते चार इंचांवर आले आहे. अर्थातच चुका वाढतात. पण त्या दोघांच्याही वाढतात. टेबल अवघड केले म्हणून कोणावर अन्याय होत नाही.

खरी मेख ब्रेकमध्ये आहे. ‘नाइन बॉल’मध्ये ब्रेकवर बॉल पडला की तोच खेळाडू पुढे खेळतो आणि जमले तर टेबल साफ करतो. ‘जिंकेल त्याचा ब्रेक’ असा नियम असेल तर पुढचा डावही तोच सुरू करतो. समोरचा खुर्चीत बसून राहतो. क्यू हातात, पण पाळी नाही! स्नूकरमध्ये असे होत नाही. तिथे फ्रेमगणिक ब्रेक बदलतो. आपल्या कॅरममध्येही ब्रेक आलटून पालटून मिळतो.

पिछाडीवरच्यालाही अशीच सलग मुसंडी मारता येते, प्रेक्षकांनाही तेच आवडते, असे जुन्या नियमाचे समर्थक सांगतात. त्यात तथ्य आहे. पण मुसंडी मारायला आधी पाळी यावी लागते. पॉकेट अरुंद असेल तर ती येण्याची शक्यता वाढते, ब्रेकचे वजन घटते. ब्रेकवर ठरावीक बॉल हमखास पडू नये म्हणून एकऐवजी नऊ क्रमांकाचा बॉल खुणेवर ठेवून रॅक पुढे सरकवण्याची पद्धतही त्यासाठीच आली.

म्हणून पॉकेट आणि ब्रेक यांचा निर्णय एकत्रच व्हायला हवा. चार इंचांच्या टेबलावर विजेत्याला ब्रेक देणे खपून जाते. नागपुरातल्या एखाद्या क्लबने मात्र रुंद पॉकेटच्या टेबलांवर प्रवेश शुल्क घेऊन स्पर्धा भरवली, तर ब्रेक आलटून पालटूनच द्यावा आणि हे प्रवेशिकेवरच छापावे.