काळ मांडायचा तर पुरता मांडा!

भिवंडीहून अंबाडीमार्गे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघालेल्या शहरी प्रवाशाला वाटेत 'जुन्या काळचे' हॉटेल हवे असते. त्याची ही हौस बाजाराने नेमकी हेरली आहे. दारात बैलगाडीचे चाक, भिंतीवर कंदील, टेबलावर पितळी तांब्या मांडला की काम भागते. शहरात हाच खेळ इराणी हॉटेलाच्या नावाने चालतो. २०१० साली 'दिशूम'ने तो थाट थेट लंडनमध्ये नेला. मग रसिकांत वाद रंगतो: खुर्ची त्या काळच्या घाटाची आहे काय? संगमरवर अस्सल आहे काय?

वादाचा विषयच मुळी चुकला आहे. इराण्याचे हॉटेल संगमरवरामुळे मोठे झाले नाही. कारकून, कामगार, विद्यार्थी, टॅक्सीवाला यांना तिथला चहा आणि ब्रून-मस्का परवडत होता, म्हणून ते मोठे झाले. जात न विचारता टेबल मिळत होते. हा गाभा वगळून खुर्ची तेवढी हुबेहूब घडवणे म्हणजे वाघ मारून त्याच्या कातड्यात पेंढा भरणे होय.

गिरणगावाचा काळही असाच भिंतीवर टांगला जातो. पण एकट्या गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया त्या सजावटीत कुठे आहेत? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा गिरणीचा पगार थांबला आणि खाणावळीची चूलही संकटात आली. हा इतिहास कंदिलाच्या उजेडात दिसत नाही.

आणि तो काळ सरला तरी कुठे आहे? भिवंडीचा परप्रांतीय यंत्रमाग कामगार आजही भिस्सीत पंगतीने जेवतो. त्या भिस्सीचे चित्र मात्र कोणी टांगत नाही. कारण जिवंत दारिद्र्य विकले जात नाही, विकली जाते ती त्याची आठवण.

ही निव्वळ करमणूक आहे, असे कोणी म्हणेल. करमणुकीला आमची हरकत नाही. परंतु 'अस्सल' या शब्दाचे दाम घेणाऱ्याने अस्सलपणाची कसोटीही सोसली पाहिजे. आमचे प्रश्न दोनच आहेत: मुदपाकखान्यात राबणाऱ्याला किमान वेतन आणि साप्ताहिक सुटी मिळते काय? आणि पाळी संपवून आलेला मागवाला तिथे स्वतःच्या पैशाने एक कप चहा पिऊ शकतो काय? उत्तर 'नाही' असेल, तर खुर्ची कोणत्याही सालची असो, हॉटेल खोटे आहे.